कावेरीकाठी जायचे ते कावेरीच्या वेळेने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी आणि मे महिना जवळ आला की पर्यटन पुरवण्यांत 'दक्षिण दर्शन' सहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यांतल्या बहुतेकांत तिरुचिरापल्ली, म्हणजे आपल्या बोलण्यातली त्रिची, ही तंजावर आणि मदुराई यांच्या मधला अर्धा दिवस असते. श्रीरंगमच्या विष्णुमंदिरात दर्शन, रॉकफोर्टचा खडक, दुपारचे जेवण, पुढे प्रस्थान. हे वेळापत्रक आखणाऱ्यांच्या दोन गोष्टी चुकतात. महिना चुकतो, आणि नदी विसरली जाते. मराठी वाचक पदरचे पैसे खर्चून, हजार-बाराशे किलोमीटर प्रवास करून तिथे जातो. त्याला हे गाव नीट दिसावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी महिन्याचे बोलू. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. तिथे खरा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, ईशान्य मान्सूनचा. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत आपण नेमके त्यांच्या पावसाळ्यात जाऊन पडतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-तीन दिवस झोडपून काढतो. मे महिन्यात अडचण उलट. पारा चाळिशीला टेकतो आणि कावेरीत पाणी नसते. कारण हे पाणी वर मेट्टूर धरणातून येते. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणातून खालच्या शेतीसाठी पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून, आणि बंद करण्याची २८ जानेवारी. साठा पुरेसा नसेल तर सोडण्याची तारीख पुढे ढकलली जाते. पाणी सुटल्यावर त्रिचीजवळच्या कल्लणै या जुन्या बंधाऱ्यापर्यंत पोचायला तीन-चार दिवस लागतात. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत त्रिचीच्या पुलावर उभे राहिले की खाली मैलभर वाळू दिसते आणि माणसे 'हीच का कावेरी' म्हणत परततात. नदी तीच असते, आपली तारीख चुकलेली असते.

तेव्हा जायचे ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत. पाऊस ओसरलेला असतो, कालवे वाहते असतात, सांबा हंगामातला भात कापणीला येत असतो, आणि नाताळच्या सुट्टीमुळे मुलांची शाळाही बुडत नाही. या काळात दोन वेळा गर्दीच्या आहेत, त्या आधी पंचांगात पाहून घ्याव्यात. एक, धनुर्मासातली वैकुंठ एकादशी. तेव्हा श्रीरंगमला सुमारे तीन आठवड्यांचा उत्सव असतो आणि परमपदद्वार, म्हणजे वैकुंठाचे मानलेले दार, उघडण्याच्या दिवशी श्रीरंगमच्या बेटावर पाय ठेवायला जागा नसते. ज्याला तोच सोहळा पाहायचा आहे त्याने मुक्काम आधीच ठरवून जावे. बाकीच्यांनी तो दिवस आणि त्याच्या आगेमागेचे दोन दिवस टाळावेत. दुसरी वेळ पोंगलची, म्हणजे आपल्या संक्रांतीची. तेव्हा सारे तमिळनाडू गावी निघालेले असते. रेल्वेची तिकिटे आधीच संपतात आणि बसमध्ये उभे राहायलाही जागा मिळत नाही.

आणखी एक चांगली वेळ आहे, ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, आडिप्पेरुक्कु. तो २ किंवा ३ ऑगस्टला येतो. नव्या पाण्याने भरलेल्या नदीचा हा सण. श्रीरंगमच्या अम्मा मंडपम घाटावर बायका हळद-कुंकू, फुले, पिवळे दोरे घेऊन येतात, कावेरीची ओटी भरावी तशी पूजा करतात आणि घरून आणलेला चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा असे वेगवेगळे भात काठावर बसून खातात. पहाटे पाचला पोचलात तरच पायऱ्यांवर उभे राहता येईल.

आता जागांकडे वळू. त्रिचीचे रूप एका वाक्यात सांगायचे तर कावेरी गावाच्या पश्चिमेला दुभंगते आणि त्या दोन धारांमध्ये श्रीरंगमचे बेट तयार होते. उत्तरेची धार कोळ्ळिडम, दक्षिणेची कावेरी. कोळ्ळिडम या नावाचा अर्थच मुळी 'घेणारी जागा', म्हणजे पुराचे जादा पाणी पोटात घेणारी. हे चित्र डोळ्यांत बसले की पुढचे देऊळ, पुढचा बंधारा आपोआप उलगडत जातो. म्हणून पहिल्या दिवशी श्रीरंगमला न धावता रॉकफोर्टच्या खडकावर चढावे.

हा खडक साधारण ८३ मीटर उंच, पायऱ्या चारशेच्या वर. चपला पायथ्याशी काढायच्या असतात आणि गोंधळ इथेच होतो. सहलीची बस दुपारी बाराला आणून सोडते, मधल्या टप्प्यापर्यंतचा जिना आच्छादित असल्याने काही जाणवत नाही, पण वरचा टप्पा उघड्या कातळावर आहे. तापलेल्या दगडावर अनवाणी चालताना पाय पोळतात, ज्येष्ठ मंडळी अर्ध्यातून मागे फिरतात. शिवाय मधले तायुमानस्वामींचे देऊळ दुपारी बंद असते. संध्याकाळी साडेचारला चढायला सुरुवात करावी, माणशी अर्धा लिटर पाणी बरोबर घ्यावे, आणि माथ्यावरच्या उच्चिप्पिळ्ळैयारच्या, म्हणजे शिखरावरच्या गणपतीच्या ओसरीवर उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. समोर कावेरी, पलीकडे नारळी-केळीच्या बागांतून वर आलेली श्रीरंगमची गोपुरे, त्याच्याही पलीकडे कोळ्ळिडमचा पांढरा पट्टा. नकाशा पाहायची गरज उरत नाही.

मधल्या देवळाची कथाही नदीचीच आहे. बाळंतपणाला आलेल्या मुलीची आई कावेरीच्या पुरामुळे पलीकडे अडकली, तेव्हा शंकर स्वतः आईच्या रूपाने येऊन बसला. म्हणून देवाचे नाव तायुमानवर, जो आईही झाला तो. सुखरूप सुटका झाली की इथे केळ्यांचा घड वाहतात.

वर जाताना डावी-उजवीकडे न पाहता चढणाऱ्यांची एक मोठी गोष्ट हुकते. वरच्या टप्प्यात खडकात कोरलेले एक लेणे आहे, ललितांकुर पल्लवेश्वरगृह. पल्लव राजा महेंद्रवर्मा पहिला याने ते सातव्या शतकाच्या आरंभी कोरवले. बऱ्याचदा ते जाळीच्या दाराआड असते, पण जाळीतूनही आतला गंगाधर दिसतो. उभा चतुर्भुज शिव, एक पाय खालच्या गणाने तोलून धरलेला, एका हातात नाग, दुसऱ्या हाताने जटेची एक बट पुढे ओढून धरलेली आणि तिच्यावर उतरणारी हात जोडलेली इवलीशी गंगा. प्रवाहाला आधार द्यावा तशी ती बट धरलेली आहे. दोन्ही बाजूंच्या खांबांवर संस्कृत लेख आहे. त्याचा आशय असा की शिवाला नद्यांची ओढ. ही डोळ्यांना सुखावणारी कावेरी पाहून त्याचे मन तिच्यावर जडेल या धास्तीने पार्वती माहेर सोडून कायमची या डोंगरावर राहायला आली असावी, आणि ही नदी तर पल्लवाची प्रिया आहे असे ती सांगत असते. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या राजाने नदीवर केलेला हा कवितेतला हक्क ज्या जागी कोरला, त्या जागेवरून आजही नदी दिसते. याच्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

मराठी माणसाने इथे आणखी एक आठवण ठेवावी. १७४१ च्या मार्चमध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी हा किल्ला वेढा देऊन घेतला, तिथला सत्ताधीश चंदासाहेब याला कैद करून साताऱ्याकडे नेले आणि किल्ला मुरारराव घोरपड्यांच्या हवाली केला. १७४३ साली निजामाने तो परत मिळवेपर्यंत त्रिचीवर मराठ्यांचा अंमल होता. कोट पुढे इंग्रजांच्या काळात पाडला गेला. त्याचे मेन गार्ड गेट हे दार मात्र बाजाराच्या गर्दीत अजून उभे आहे. पायथ्याच्या तेप्पकुळम तलावाजवळून ते चालत गाठता येते.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगम. सकाळी सहाला निघावे. रिक्षावाला 'आतपर्यंत सोडतो' म्हणेल, त्याला नाही म्हणावे आणि दक्षिणेच्या राजगोपुराबाहेर उतरावे. देवळाला सात प्राकार, म्हणजे एकात एक तटबंद आवारे, आहेत. बाहेरच्या तिन्हींत घरे, दुकाने, शाळा, बाजार असे चालते-बोलते गाव आहे. आत उतरलात तर हे तीन प्राकार वाहनातच संपतात आणि मंदिराचा आकार कधीच कळत नाही. चालत गेलात तर लक्षात येते की बाहेरचे गोपूर सर्वांत उंच आणि आत जावे तशी ती ठेंगणी होत जातात, गर्भगृहाजवळ पोचेपर्यंत माणूस आपसूक लहान जागेत, अंधाराकडे आलेला असतो. एकूण आवार १५६ एकर, गोपुरे २१. राजगोपुराची उंची सुमारे ७३ मीटर, पण ते जुने नाही. विजयनगरच्या काळात त्याचा पाया आणि खालचा दगडी भाग झाला, काम तसेच राहिले आणि वरचे मजले १९८७ साली पुरे झाले. खालचा दगड आणि वरचे रंगीत मजले यांतला फरक रस्त्यावरूनच दिसतो.

दर्शनाच्या रांगेत किती वेळ जाईल याचा नेम नसतो, पूजा-नैवेद्यासाठी मधे मधे दर्शन थांबते. म्हणून रांगेत आधी उभे राहून बाकीचे नंतर पाहावे. नंतर पाहायचे ते शेषरायर मंडप. चौथ्या प्राकारात, पूर्वेकडे. तिथल्या खांबांवर दोन पायांवर उसळलेले घोडे आहेत, वर भाला रोखलेला स्वार, खाली घोड्याच्या पोटाशी झेपावलेला वाघ आणि त्याच्याशी झुंजणारे पायदळ. सगळे एकाच दगडात. घोड्याच्या खुराखालून हात जाईल इतके आरपार कोरलेले आहे, हात मात्र घालू नये. समोरच हजार खांबांचा मंडप. पुरुषांनी धोतर किंवा लांब विजार घालावी, अर्ध्या चड्डीवर आत सोडत नाहीत.

तिरुवानैक्कावलचे शिवमंदिर याच बेटावर, श्रीरंगमहून पूर्वेला तीनेक किलोमीटर. इथे साडेअकरापर्यंत पोचावे, कारण मध्यान्हपूजा पाहण्यासारखी आहे: पुजारी साडी नेसून, देवी अखिलांडेश्वरीच्या वतीने शंकराची पूजा करतो. इथला जंबुकेश्वर हे पंचमहाभूतांपैकी जलाचे लिंग. गर्भगृह जमिनीच्या पातळीवर, अगदी ठेंगणे. नदी भरली की आत झरा पाझरतो. दार इतके बुटके का, तर हत्तीला शिरता येऊ नये म्हणून, अशी जाळे विणणारा कोळी आणि हत्ती यांची कथा सांगतात. ज्यांना गुडघेदुखी आहे त्यांनी वाकून आत जाण्याऐवजी समोरच्या नऊ छिद्रांच्या दगडी गवाक्षातून दर्शन घ्यावे. तीही तिथली रीतच आहे.

तिसरा दिवस पाण्याचा. सकाळी मुक्कोम्बु, शहरापासून पश्चिमेला १८ किलोमीटर. कावेरी दुभंगते ती जागा हीच. बाग, झोपाळे आणि खाऊच्या टपऱ्या पाहून लोक इथून परत फिरतात. बागेतून पुढे बंधाऱ्याच्या पुलावर जावे आणि पूर्वेकडे तोंड करावे. डावीकडे रुंद कोळ्ळिडम, उजवीकडे अरुंद कावेरी. एकोणिसाव्या शतकात कोळ्ळिडम पाणी जास्त ओढू लागली, कारण तिचा उतार अधिक आणि तळ खोल. कावेरीच्या फाट्यात गाळ साचत गेला आणि तंजावरची शेती तहानेली राहू लागली. त्यावर इलाज म्हणून इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांनी १८३६ ते १८३८ या काळात हा बंधारा बांधला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या विसर्गाच्या वेळी कोळ्ळिडमकडच्या ४५ पैकी ९ झडपा वाहून गेल्या आणि नंतर शेजारी नवा बंधारा उभा राहिला.

परतताना मेलूरचे फुलपाखरू उद्यान. दोन नद्यांच्या मधल्या राखीव वनाच्या पट्ट्यात, पंचवीसेक एकर, २०१५ पासून खुले. फुलपाखरांना उडायला ऊन लागते. सकाळी साडेनऊच्या आत ती पानाआड बसून असतात, दुपारी कडक उन्हात पुन्हा सावली धरतात. साडेनऊ ते बारा ही वेळ. फुलांपेक्षा कढीपत्ता, लिंबू, रुई अशी झाडे शोधावीत, कारण अंडी घालायला मादी तिथेच येते आणि पानाच्या खालच्या बाजूला अळी सापडते. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारून निघावे.

दुपारी चारनंतर कल्लणै. कल् म्हणजे दगड, अणै म्हणजे धरण. शहरापासून पूर्वेला साधारण १५ ते २० किलोमीटर, चत्तिरम बसस्थानकातून बस मिळते. श्रीरंगमच्या बसही तिथूनच जातात. हे धरण प्राचीन चोळ राजा करिकाल याचे मानले जाते, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांचे. जुना बांध ३२९ मीटर लांब, २० मीटर रुंद, साडेपाच मीटरच्या आसपास उंच. लोक येतात, लोखंडी झडपा आणि मोटारींचा पूल पाहतात आणि 'यात जुने काय' असे म्हणतात. झडपा आणि पूल इंग्रजांच्या काळातले आहेत, जुने ते त्याखाली. नागमोडी आकाराचा, न घडवलेल्या दगडांचा तो बांध थेट वाळूवर टेकलेला आहे. वाहत्या पाण्यात मोठे दगड टाकायचे, खालची वाळू धुपून दगड खाली बसतो, त्यावर पुन्हा दगड, बसायचे थांबेपर्यंत, आणि सांध्यांत चिखल, अशी त्याची पद्धत सांगितली जाते. वाळूत पाया कसा घालायचा हे कॉटन इथेच शिकले आणि पुढे गोदावरीवर धवळेश्वरमला त्यांनी ते वापरले. ती गोदावरी आपल्या नाशिकचीच. उन्हाळ्यात कोरडी नदी पाहण्याचा एकच फायदा आहे, तेव्हा खालचे दगड उघडे पडतात.

कल्लणैचे काम समजून घ्यायचे तर पुलावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे चालावे. आधी कोळ्ळिडमच्या झडपा, मग कावेरीच्या, मग वेण्णार या फाट्याच्या, शेवटी १९३४ मध्ये सुरू झालेला मोठा कालवा. बेट इथे संपते आणि कावेरी व कोळ्ळिडम पुन्हा एकमेकींच्या अगदी जवळ येतात. बांध नसता तर कावेरीचे पाणी खोल कोळ्ळिडममध्ये उतरून थेट समुद्राला गेले असते. त्रिभुज प्रदेशातले भात या एका अडवणुकीवर उभे आहे. किती झडपा किती उघडल्या आहेत ते पाहिले की आज कोणाच्या शेताला पाणी मिळते आहे ते कळते.

इथे एक सूचना अगदी कळकळीने. मुक्कोम्बु, कल्लणै आणि कोळ्ळिडमच्या पात्रात उतरू नये, गुडघाभर पाण्यातही नाही. झडपांच्या खाली पाण्याच्या माराने खड्डे पडलेले असतात, वाळू उपशाने पात्रात विहिरीसारखे डोह झालेले असतात आणि वरून सपाट पाणी दिसते. विसर्ग वाढला तर पातळी बघता बघता चढते. पोहता येणारी माणसेही या वाळूत पाय रुतून बुडाली आहेत. अंघोळ करायची तर अम्मा मंडपम घाटावर, पायऱ्या न सोडता.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी दक्षिणेला ५८ किलोमीटरवरचे सित्तन्नवासल पाहावे. जैन लेणे, छतावर नवव्या शतकातले कमळतळ्याचे चित्र. अजिंठा पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटेल. डोंगराच्या पलीकडच्या कड्यात मुनींच्या गुळगुळीत दगडी शय्या आणि ब्राह्मी लेख. सावली नाही, सकाळी आठला तिथे असावे. पक्ष्यांसाठी कारैवेट्टी, अरियलूर जिल्ह्यात. कावेरीच्या कालव्यावर भरणारा तलाव, २०२४ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. हिवाळ्यात पट्टकादंब हे स्थलांतरित पक्षी उतरतात.

तंजावरला जाताना हमरस्त्याने न जाता कल्लणैवरून तिरुक्काट्टुप्पळ्ळी, तिरुवैयारु असे नदीकाठाने जावे. तासभर जास्त लागतो, पण दोन्ही बाजूंना भात, केळी आणि वाहते पाट. तिरुवैयारूला कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे, पौष वद्य पंचमीला तिथे आराधना होते. तिथून तंजावर १३ किलोमीटर.

तंजावरात बृहदीश्वराचा १०१० सालचा कळस सगळेच पाहतात. आपण आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशीही जावे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत, बाळबोध अक्षरांत आहे, मराठीतल्या सर्वांत लांब शिलालेखांपैकी एक. वाटाडे सहसा तिकडे नेत नाहीत, स्वतःहून विचारावे. अक्षरे उथळ आहेत. समोरून प्रकाश टाकला तर सपाट दिसतात; मोबाइलचा दिवा भिंतीला लागून, कडेने धरला की सावली पडून ओळ उमटते. खडू किंवा पावडर लावू नये, पाण्याने पुसू नये. वळण सरावाचे व्हायला पहिल्या दोन-तीन ओळी पुरतात, पुढचे वाचता येते.

आपला,
तिरुचिरापल्लीतील एक मराठी वाचक